हिंग, सैंधव आणि आर्थिक निर्बंध : परवानगीचा मार्ग कसा शोधावा

हिंग्वष्टक चूर्णाची आठ द्रव्ये प्रत्येक वैद्याला मुखोद्गत असतात. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, कृष्णजिरे आणि हिंग. ग्रंथांत ही आठही द्रव्ये एकाच ओळीत शेजारीशेजारी बसतात. औषधनिर्मितीशाळेच्या भांडारात मात्र ती फार वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोहोचतात. सुंठ, मिरी, जिरे यांची चिंता नाही. ती देशातच मुबलक पिकतात. हिंग मात्र बहुतांशी अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येतो. आणि ज्याच्या नावातच सिंधुदेश आहे ते सैंधव पिढ्यान्‌पिढ्या ज्या मिठाच्या डोंगररांगेतून आले, ती खेवड्याची खाण १९४७ नंतर पाकिस्तानात गेली.

साध्या पोटफुगीवरचे हे चूर्ण अशा रीतीने तीन-चार देशांच्या परराष्ट्र धोरणाशी बांधले गेले आहे. जोवर सीमा खुल्या होत्या तोवर याची कोणी फिकीर केली नाही. गेल्या काही वर्षांत निर्बंध, बंदी, जादा जकात, बँकांचे नकार असे शब्द कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी रोजचे झाले आहेत. त्यांचा अर्थ काय, त्यांतून सूट मिळते का आणि ती कोणाकडे, कशी मागावयाची, याची माहिती व्यावसायिक वैद्य व औषधनिर्माते यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्बंध कोण घालतो?

आर्थिक निर्बंध म्हणजे एखाद्या देशाशी, संस्थेशी वा व्यक्तीशी होणारा व्यापार अथवा पैशाचा व्यवहार राजकीय कारणासाठी शासनाने रोखणे. आपल्या दृष्टीने त्याचे तीन उगम ध्यानात घ्यावेत.

पहिला उगम संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. तिचे निर्बंध सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असतात. भारतात त्यांची अंमलबजावणी १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियमान्वये केंद्र शासन करते.

दुसरा उगम आपले स्वतःचे शासन. १९९२ चा विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम केंद्र शासनास आयात-निर्यात रोखण्याचा अधिकार देतो. त्याखालील अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीतील डीजीएफटी, प्रसिद्ध करते.

तिसरा उगम परकी राष्ट्रांचे एकतर्फी निर्बंध, त्यांत मुख्यतः अमेरिकेचे. असे एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, ही भारत सरकारची जाहीर भूमिका आहे. तथापि डॉलरमधील प्रत्येक व्यवहार अमेरिकी बँकिंग व्यवस्थेला कोठेतरी स्पर्श करतो. त्यामुळे जो कायदा आपल्यावर लागू नाही, त्याचा परिणाम आपल्या बँक खात्यावर मात्र होतो.

निर्बंध कोणाचा आहे हे आधी निश्चित करणे म्हणजे रोगाचे निदान करणे होय. भारत शासनाने घातलेल्या बंदीतून अमेरिकी कार्यालय सूट देऊ शकत नाही, आणि अमेरिकी निर्बंधातून दिल्लीचे कार्यालय मोकळीक देऊ शकत नाही. निदान चुकले की अर्ज चुकीच्या दारी जातो आणि माल गोदीत पडून राहतो.

आपण दोन्ही बाजूंना उभे राहिलो आहोत

भारताला हा विषय नवा नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि चारच दिवसांत, ६ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव करून इराक व व्याप्त कुवेतशी होणारा व्यापार थांबविला. त्या ठरावातही वैद्यकीय उपयोगाच्या वस्तू वगळल्या होत्या. अन्नाला मात्र केवळ मानवतावादी परिस्थितीतच मुभा होती आणि अशी परिस्थिती आहे की नाही हे निर्बंध समिती ठरविणार होती. कुवेत व इराकमध्ये त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. आपल्या नागरिकांसाठी धान्य पाठविण्याची परवानगी भारताने रीतसर मागितली. सप्टेंबरच्या मध्यास ती मिळाली आणि ‘विश्व सिद्धी’ हे जहाज अन्न घेऊन रवाना झाले. निर्बंध कायम असतानाही नेमकी मागणी, नेमके कारण आणि नेमका लाभार्थी दाखविल्यास दार उघडते, याचे हे आपल्या इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

आठ वर्षांनी आपण दुसऱ्या बाजूला होतो. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले आणि अनेक भारतीय संस्था नियंत्रित यादीत घातल्या. यांतील बहुतेक निर्बंध २२ सप्टेंबर २००१ रोजी उठले. पण यादीतील काही नावे पुढे अनेक वर्षे रेंगाळली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव तर जानेवारी २०२५ मध्ये निघाले. निर्बंध एका आदेशाने येतात, पण जाताना थोडे थोडे करून जातात, एवढा बोध यातून घ्यावा.

सैंधव आणि खारीक : आपल्याच शासनाची बंदी

पुलवामा येथील हल्ल्यानंतर, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावण्यात आले. बंदी नव्हती, पण व्यापार जवळजवळ बंदच पडला. त्या दिवशी अटारीच्या नाक्यावर काही आयातदारांनी आपली कागदपत्रे अधिसूचना निघण्यापूर्वीच सादर केली होती. तरीही त्यांच्याकडे वाढीव शुल्क मागण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जी. एस. चठ्ठा राइस मिल्स प्रकरणी २३ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की अधिसूचना इलेक्ट्रॉनिक राजपत्रात प्रसिद्ध झाली ती वेळ रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंद ही होती. त्याआधी रीतसर दाखल झालेल्या मालाला ती लागू होणार नाही. शुल्क आणि बंदी या निराळ्या गोष्टी असल्या तरी कागदावरील वेळेचे मोल किती, हे या निकालाने दाखवून दिले. बिल ऑफ एन्ट्री दाखल केल्याची वेळ व पोचपावती जपून ठेवावी, हा त्यातील व्यवहारी धडा.

पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर शासन आणखी पुढे गेले. २ मे २०२५ च्या अधिसूचनेने विदेश व्यापार धोरणात २.२०अ हा नवा परिच्छेद घालण्यात आला. पाकिस्तानात उत्पन्न झालेल्या किंवा तेथून निर्यात झालेल्या सर्व मालाची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आयात आणि वाहतूक पुढील आदेशापर्यंत निषिद्ध ठरली. एरवी मुक्त आयातीच्या यादीत असलेला मालही यातून सुटला नाही. मात्र त्याच परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य आहे, ते आपल्या कामाचे : या बंदीला कोणताही अपवाद करावयाचा झाल्यास भारत सरकारची पूर्वमान्यता लागेल. म्हणजे अपवादाची शक्यता शासनाने शिल्लक ठेवली आहे, पण मान्यता ‘पूर्व’ हवी. माल बंदरात आल्यावर धावाधाव करून ती मिळत नाही.

‘अप्रत्यक्ष’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९ नंतर कित्येकांची समजूत अशी झाली होती की दुबईमार्गे आलेला माल दुबईचाच. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ या मोहिमेत न्हावाशेवा बंदरात ३९ कंटेनर पकडले. सुमारे १,११५ टन वजनाचा आणि ९ कोटी रुपये किमतीचा हा माल पाकिस्तानी उत्पत्तीचा असून संयुक्त अरब अमिरातीचा म्हणून दाखविला होता. त्यांत खारीक होती. आपल्या व्यवसायाला लागणारे हे नित्याचे द्रव्य. अशा मालावर सीमाशुल्क अधिनियमाखाली जप्ती तर होतेच. शिवाय विदेश व्यापार अधिनियमाखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आता प्रश्न असा की सैंधव मिळाले नाही तर सामुद्र लवण घालून चूर्ण बनवावे काय? शास्त्रोक्त औषधाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध हे अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणेच बनलेले असावे लागते. लेबलवर सैंधव आणि डब्यात सामुद्र, हा वैद्यकीय दोष आहे आणि कायद्याचा भंगही आहे. देशात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग व गुमा येथे खनिज मिठाच्या खाणी आहेत. पण त्यांचे उत्पादन मर्यादित आहे. अन्य देशांचे खनिज मीठ आणता येते; मात्र ते खरोखर त्या देशातील खाणीचे आहे, याचा कागदोपत्री पुरावा हवा.

हिंगाची वाट

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पालमपूर येथील संस्थेने दिलेल्या माहितीप्रमाणे भारत दरवर्षी सुमारे १,२०० टन कच्चा हिंग आयात करतो. याच संस्थेने इराणहून बी मिळवून १५ ऑक्टोबर २०२० रोजी लाहौल खोऱ्यातील क्वारिंग गावी हिंगाचे पहिले रोप लावले. प्रयत्न स्तुत्य आहे. पण या झाडाला पक्व होण्यास पाच वर्षे लागतात आणि भांडाराची गरज दर महिन्याची असते. तेव्हा आणखी काही काळ तरी आपली भिस्त परदेशी हिंगावरच राहणार.

अफगाणिस्तानात १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानची सत्ता आली आणि एक विलक्षण पेच उभा राहिला. ज्यांच्यावर निर्बंध होते तेच देशाचे शासनकर्ते झाले. मग सीमेवरील नाक्यावर शुल्क भरणे हाही निर्बंधभंग ठरणार काय? या पेचावर अमेरिकी अर्थखात्याने टप्प्याटप्प्याने सर्वसाधारण परवाने काढले. २५ फेब्रुवारी २०२२ चा विसावा परवाना त्यांत सर्वांत व्यापक होता. अफगाणिस्तानशी व तेथील शासनसंस्थांशी होणाऱ्या बहुतेक व्यवहारांना त्याने मुभा दिली. निर्बंधित व्यक्तींना पैसे देण्यास मनाई कायम ठेवली. मात्र कर, शुल्क, आयात जकात, परवाना फी अशा देण्यांना वाट मोकळी केली. सुरक्षा परिषदेनेही २२ डिसेंबर २०२१ च्या २६१५ क्रमांकाच्या ठरावाने मानवतावादी मदतीस अपवाद दिला आणि ९ डिसेंबर २०२२ च्या २६६४ क्रमांकाच्या ठरावाने हा अपवाद मालमत्ता गोठविण्याच्या सर्वच निर्बंधांना लागू केला.

तरीही हिंगाची वाट सुकर झाली नाही, कारण भूगोल आडवा आला. अटारीचा नाका एप्रिल २०२५ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा अफगाण मालाचे ट्रक पलीकडे अडकले. त्यांपैकी १६० ट्रकना मे महिन्यात भारताने खास बाब म्हणून येऊ दिले. अपवाद कसा केला जातो याचा हा ताजा नमुना आहे : माल कोणाचा, किती, कोठे उभा, हे ठाऊक असल्याने निर्णय शक्य झाला.

दुसरी वाट इराणच्या चाबहार बंदराची. या बंदराला अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्बंधातून सूट दिली, ती अफगाणिस्तानच्या मदतीचे कारण दाखवून. २९ सप्टेंबर २०२५ पासून ती मागे घेण्यात आली आणि सहा महिन्यांची मुदतीची सूट पुन्हा मिळाल्याचे भारत सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस इराणवरील संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही पुन्हा अमलात आले. सूट ही भाडेपट्ट्यासारखी असते, मालकीहक्कासारखी नसते. सहा महिन्यांच्या सुटीच्या भरवशावर दोन वर्षांचा पुरवठा करार करू नये.

अमेरिकी परवान्याचे स्वरूप

विदेशी मालमत्ता नियंत्रण कार्यालय, ज्याला सर्वत्र ओफॅक या नावाने ओळखले जाते, ते अमेरिकी अर्थखात्यात १९५० मध्ये स्थापन झाले. त्याचे परवाने दोन प्रकारचे. सर्वसाधारण परवाना नियमातच छापलेला असतो. अटींत बसणाऱ्या कोणासही तो अर्ज न करता लागू होतो. विशेष परवाना हा एका अर्जदाराला, एका व्यवहारासाठी, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. सर्वसाधारण परवान्यात आपण बसतो का, हे आधी पाहावे. बसत असल्यास अर्ज करण्याचे कारण नाही. अटींची नोंद ठेवावी म्हणजे झाले.

२००० साली अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने अन्न, औषधे व वैद्यकीय साधने यांना निर्बंधांतून मोठी सवलत मिळाली. इराणला अन्न व बहुसंख्य औषधे पाठविण्यास आज सर्वसाधारण परवाना आहे. पण आपल्या व्यवसायाने त्यातील दोन बारकावे जाणून घेतले पाहिजेत.

पहिला वर्गवारीचा. अमेरिकेत आयुर्वेदीय योग बहुधा औषध म्हणून नव्हे, आहारपूरक म्हणून विकले जातात. इराणविषयक नियमांत आहारपूरके अन्नाच्या, म्हणजे कृषिमालाच्या, व्याख्येत येतात. त्यामुळे न्यू जर्सीतील एखाद्या वैद्याने त्रिफळा चूर्ण ‘औषध’ म्हणून अर्जात लिहिले, तर त्याला औषधाची व्याख्या सिद्ध करावी लागेल आणि ती त्याला करता येणार नाही.

दुसरा वगळलेल्या द्रव्यांचा. सर्वसाधारण परवान्यातून काही वस्तू मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. कृषिमालात एरंडबीज आणि गुंजा ही आपली दोन परिचित द्रव्ये त्या यादीत आहेत. कारण उघड आहे : एकीत रायसिन, दुसरीत अब्रिन, ही तीव्र विषे. औषधांत अफूवर्गीय द्रव्ये, तसेच धत्तूरातील अल्कलॉइड ज्या वर्गात मोडतात तो अँटिकोलिनर्जिक वर्ग वगळला आहे. या वस्तूंना विशेष परवानाच लागतो. आपल्या रसशास्त्रात विष-उपविषांना शोधनाशिवाय हात लावत नाहीत. परदेशी कारकून शोधन जाणत नाही, तो केवळ नाव वाचतो. म्हणून नाव, वनस्पतीचा वापरलेला भाग व संस्कार हे तिन्ही अर्जात स्पष्ट लिहावेत.

आणखी एक गोष्ट निर्यातदारांसाठी. ही सवलत इराणला अन्न-औषध पाठविण्यापुरती आहे. इराणहून आलेला हिंग वा केशर भारतात नुसते पुन्हा डब्यात भरून अमेरिकेला पाठविले, तर ते इराणी मूळचेच राहते आणि तेथे मज्जाव होतो. तिसऱ्या देशात कच्चा माल मूलतः रूपांतरित होऊन तयार वस्तूत समाविष्ट झाला असेल तर हा मज्जाव लागू होत नाही, अशी तरतूद आहे. हिंग्वष्टक चूर्णातील हिंग आणि डबीतील खडा हिंग यांत कायद्याच्या दृष्टीने असा फरक पडतो.

अर्ज कसा करावा

अर्ज दिल्लीस असो वा वॉशिंग्टनला, चांगल्या अर्जाची प्रकृती एकच असते. ती नीट लिहिलेल्या रुग्णपत्रकासारखी असावी. वाचणाऱ्यास रुग्ण न पाहताही चित्र उभे राहिले पाहिजे.

१. पक्ष. विक्रेता, खरेदीदार, मध्यस्थ, वाहतूकदार, जहाज, विमा कंपनी आणि दोन्हीकडील बँका यांची पूर्ण नावे व पत्ते द्यावेत. प्रत्येक नाव निर्बंधित व्यक्तींच्या यादीशी ताडून पाहावे. अमेरिकी नियमानुसार निर्बंधित व्यक्तींची एकत्रित मालकी ५० टक्के वा अधिक असलेली कंपनी, तिचे नाव यादीत नसले तरी, निर्बंधितच धरली जाते.

२. द्रव्य. संस्कृत व मराठी नाव, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, शुल्कवर्गवारीचा क्रमांक, प्रमाण आणि किंमत. ‘आयुर्वेदीय कच्चा माल’ असे मोघम वर्णन करू नये.

३. मार्ग. खाण किंवा शेत येथपासून आपल्या गोदामापर्यंतचा प्रत्येक टप्पा. उत्पत्ती प्रमाणपत्र, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि जहाजाची कागदपत्रे परस्परांशी जुळली पाहिजेत.

४. उपयोग. कोणत्या योगासाठी, कोणत्या परवान्याखाली, वर्षाला किती. येथे शेड्यूल टी प्रमाणे ठेवलेली कच्च्या द्रव्यांची नोंदवही व बॅचच्या नोंदी हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा असतो.

५. निकड. पर्याय का नाही, हे शांतपणे लिहावे. पाठ बदलता येत नाही, अन्य देशांत चौकशी केली, मिळालेली उत्तरे सोबत जोडली आहेत, असे दाखवावे. आवेशाने काही साधत नाही.

६. मुदत व मर्यादा. नेमकी मागणी करावी. अमुक टन, अमुक महिने. अमर्याद मागणी सहसा फेटाळली जाते.

भारतात यासाठी आयात-निर्यात संकेतांक चालू असावा लागतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करणे आवश्यक आहे. काही बदल नसला तरी. ते राहून गेल्यास संकेतांक निष्क्रिय होतो आणि ऐन वेळी अर्जच दाखल होत नाही. अर्ज डीजीएफटीच्या संकेतस्थळावर करावयाचे असतात. मुंबई, पुणे, नागपूर व पणजी येथे तिची प्रादेशिक कार्यालये आहेत. विदेश व्यापार धोरणातील २.५८ हा परिच्छेद महासंचालकांस सार्वजनिक हितासाठी, खरीखुरी अडचण व व्यापारावरील प्रतिकूल परिणाम या कारणांवरून, धोरणातून वा कार्यपद्धतीतून सूट देण्याचा अधिकार देतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने घातलेल्या बंदीत असा अर्ज यशस्वी होणे कठीण, हे मान्य करूनच लिहावे. इतर निर्बंधित मालाच्या, उशिरा पोहोचलेल्या मालाच्या वा कागदपत्रांतील तांत्रिक अडचणीच्या प्रकरणांत मात्र या परिच्छेदाचा आधार घ्यावा.

ओफॅककडे अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्याला फी नाही. व्यवहाराशी हितसंबंध असलेला कोणताही पक्ष अर्ज करू शकतो. व्यवहारात बहुधा अमेरिकी खरेदीदारच तो करतो आणि भारतीय पुरवठादार माहिती पुरवितो. नकार आल्यास औपचारिक अपील नाही, पण नवी माहिती देऊन फेरविचार मागता येतो.

दोन्हीकडे समान असलेली पथ्ये अशी. अर्ज प्रलंबित असताना व्यवहार करू नये. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे. परवाना दुसऱ्याच्या नावे वापरता येत नाही. अटींपैकी एक जरी मोडली तरी परवाना असून नसल्यासारखा होतो. आणि कागद जपावेत : अमेरिकी नियमांत नोंदी ठेवण्याची मुदत १२ मार्च २०२५ पासून पाचऐवजी दहा वर्षे झाली आहे.

कागदावरची सूट आणि रुग्ण

परवाना मिळाला म्हणजे माल आला, असे मात्र समजू नये. इराणमध्ये एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाच्या त्वचाविकाराची मुले आहेत. त्यांची त्वचा जराशा घर्षणानेही सोलून निघते. त्यांना लागणारी विशिष्ट मलमपट्टी युरोपातून येत असे. मे २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परतले. वैद्यकीय साधने सुटीत असूनही पुरवठा थांबला, कारण बँका व उत्पादक धोका पत्करण्यास तयार नव्हते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ऑक्टोबर २०१९ च्या अहवालात हे नोंदविले आहे. कायद्याने उघडे ठेवलेले दार भीतीने बंद होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

आपल्या बाबतीतही हाच अनुभव येतो. शाखाधिकाऱ्याने ‘काबूल’ किंवा ‘तेहरान’ शब्द पाहिला की फाईल बाजूला पडते. त्यावर उपाय एकच : माल मागविण्यापूर्वी बँकेच्या विदेशी विनिमय विभागास लागू असलेला परवाना वा तरतूद, तिचा क्रमांक व तारीख, पक्षांची यादी आणि मालाचे वर्णन लेखी कळवावे व लेखी उत्तर घ्यावे. नकार मिळालाच तर तो आधी मिळालेला बरा.

लहान औषधालयांसाठी व संघटनेसाठी

बहुसंख्य वाचक स्वतः आयात करीत नाहीत. मशीद बंदर किंवा वाशीच्या बाजारातून माल घेतात. त्यांच्यावर या साऱ्याचा भार नाही असे नव्हे. बिलावर केवळ ‘सैंधव, उत्तम’ असे लिहिलेले चालवून घेऊ नये. मूळ देश विचारावा, तो बिलावर लिहून घ्यावा, शक्य तेथे बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागावी. भावात संशयास्पद स्वस्ताई दिसली तर कारण विचारावे. अचानक टंचाई आली की बांधणीच्या हिंगात पीठ वाढते आणि खनिज मिठाच्या जागी रंगवलेले मीठ येते. तेव्हा परीक्षण अधिक काटेकोर करावे. रुग्णाला त्याच्या पोटदुखीशी कर्तव्य असते. सीमेवर काय घडले हे तो विचारणार नाही.

संघटनेच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. परिच्छेद २.५८ मधील सूट एका व्यक्तीलाच नव्हे, व्यक्तींच्या वर्गालाही देता येते. एकट्या औषधनिर्मात्याचा दोन टनांचा अर्ज फायलींच्या ढिगात हरवून जातो. राज्यभरातील निर्मात्यांची वार्षिक गरज, द्रव्यवार, नोंदवह्यांच्या आधारे एकत्र केली आणि ज्या शास्त्रोक्त योगांना त्या द्रव्यावाचून पर्याय नाही त्यांची यादी जोडली, तर ते निवेदन वाणिज्य व आयुष या दोन्ही मंत्रालयांना विचारात घ्यावे लागेल. आज अशी एकत्रित आकडेवारी आपल्या हाती नाही. ती जमविण्यास प्रत्येक सभासदाची एक संध्याकाळ पुरेशी आहे : गेल्या तीन वर्षांत हिंग, सैंधव, कृष्णजिरे, केशर, खारीक व ज्येष्ठमध किती घेतले, कोणाकडून, कोणत्या देशाचे म्हणून आणि कोणत्या भावाने.

अधिसूचना बदलत राहतात. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी मूळ अधिसूचना त्या दिवशी वाचावी आणि सीमाशुल्क सल्लागाराचे मत घ्यावे. पण आपल्या गरजेचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल. तो तयार असेल तर पुढचा आदेश निघाल्यावर आपण दुसऱ्या दिवशी अर्ज करू शकू.